दर वीस तासांनी नवं कॅरेक्टर का सुरू होतं, आणि एका बिल्डवर टिकायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओपन वर्ल्ड फॅन्टसी आरपीजी (आपलं कॅरेक्टर वाढवत खेळायचा व्हिडिओ गेम) सुरू करताना ठरवायचं की यावेळी पक्का मेज म्हणजे जादूगार किंवा यावेळी ढाल-तलवार, पण पंधरा-वीस तासांत सगळं थोडं थोडं शिकून होतं, शत्रू मरेनासे होतात, कंटाळा येतो आणि पुन्हा न्यू गेम. आणि स्कायरिममध्ये तर काहीही ठरवलं तरी शेवटी हातात धनुष्य घेऊन अंधारात वाकून बसणं. मग एकच क्लास (लढवय्या, जादूगार, चोर असा कॅरेक्टरचा प्रकार) धरून शेवटपर्यंत जायचं का, मिक्स चालतं का, आणि मध्येच बदलावंसं वाटलं तर काय करायचं.

मी मॉरोविंड आलं तेव्हापासून म्हणजे २००२ पासून हे गेम खेळतेय आणि ओळखीतल्या लोकांचे अडकलेले सेव्ह (साठवून ठेवलेले खेळ) उघडून कॅरेक्टर मार्गाला लावून देणं हेही बरीच वर्षं करतेय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

आधी माझं मत सांगून टाकते. क्लासच्या नावाला चिकटू नका. दोनच गोष्टी ठरवा आणि त्यांना चिकटा: मारामारी सुरू झाली की पहिला वार कशानं करणार, आणि डाव उलटला की जीव कशानं वाचवणार. या दोन गोष्टींना फळ येईपर्यंत बाकी कशातही पॉइंट टाकायचा नाही. फळ येईपर्यंत हे महत्त्वाचं आहे, त्यावर खाली येते.

एक सेव्ह दाखवते म्हणजे मुद्दा कळेल. ओळखीतल्या एका मुलाचं स्कायरिमचं कॅरेक्टर, लेव्हल २४. स्कायरिममध्ये दर लेव्हलला एक पर्क (एखाद्या स्किलमधली खास क्षमता) मिळतो, फक्त लेव्हल १ ला मिळत नाही, म्हणजे याच्याकडे २३ पर्क होते. ते कुठे गेले ते बघा: आर्चरीत ४, स्मिथिंगमध्ये ४, स्नीकमध्ये ३, वन-हॅंडेडमध्ये ३, डिस्ट्रक्शनमध्ये २, लाइट आर्मर २, हेवी आर्मर २, स्पीच २, लॉकपिकिंग १. नऊ झाडं (प्रत्येक स्किलच्या पर्कचं एक झाड असतं)! आणि प्रत्येक लेव्हलला हेल्थ, मॅजिका (मंत्रांना लागणारी शक्ती), स्टॅमिना यातल्या एकात १० वाढवायचे असतात, तेही त्यानं अगदी समान वाटले होते, १८०, १७०, १८०. त्याला वाटत होतं की आपण हुशारीनं बॅलन्स ठेवलाय.

मग थडग्यातली ती ठरलेली शेवटची खोली. शवपेटीचं झाकण उडतं, मोठ्या रँकचा ड्राउगर (जिवंत झालेलं प्रेत) बाहेर येतो, याचा पहिला बाण लागतो आणि ड्राउगरची हेल्थ पाव पण कमी होत नाही. याची धांदल. तलवार काढतो, ड्राउगर ओरडतो आणि तलवार हातातून उडून खोलीच्या कोपऱ्यात अंधारात जाऊन पडते (तो डिसआर्म शाउट असतो, म्हणजे ओरडून केलेली जादू, मोठे ड्राउगर वापरतात). मग हा आगीचे गोळे मारायला लागतो, मॅजिका संपते, मागे सरकतो, औषधं पितो, मरतो. आणि लोड. मी मागे बसून सहा वेळा बघितलं, सहाही वेळा याच क्रमानं. तीन वेगवेगळी शस्त्रं काढली, एकाचंही वजन पडलं नाही. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ते अगदी डोळ्यांसमोर.

आता हे असं का होतं याचं कारण हिशोबात आहे. तुमचे पॉइंट नऊ ठिकाणी वाटले जातात पण मारामारीत एका क्षणी तुम्ही एकच गोष्ट वापरू शकता. शत्रू मात्र त्याचं सगळं बळ एकाच गोष्टीत घालून समोर उभा असतो. त्यात बऱ्याच ओपन वर्ल्ड गेममध्ये शत्रू तुमच्या लेव्हलकडे बघून येतात, तुमच्या तलवारीच्या स्किलकडे बघून नाही. म्हणजे लेव्हल २४ चा शत्रू समोर आणि तुमचा हात मात्र लेव्हल दहाचा.

स्कायरिममध्ये एक्सपीचा (अनुभवाच्या पॉइंटचा) हिशोब सरळ आहे आणि माहीत असलेला बरा. कुठलीही स्किल वाढली की जितक्या नंबरवर गेली तितका एक्सपी कॅरेक्टरला मिळतो, म्हणजे ४० ची ४१ झाली की ४१. आणि पुढच्या लेव्हलला लागतो आताची लेव्हल अधिक ३, गुणिले २५. आता एकट्या स्मिथिंगचं बघा, १५ वरून १०० पर्यंत नेली तर बेरीज ४९३० होते, आणि एवढ्यात लेव्हल १ चं कॅरेक्टर लेव्हल १७ ला पोचतं. एकही शत्रू न मारता! गावात भट्टीशी बसून सोळा लेव्हल वाढलेलं कॅरेक्टर बाहेर पडतं तेव्हा जगानं पण कंबर कसलेली असते. आता स्मिथिंगमुळे शस्त्र धारदार होतं हे खरं, त्यामुळे तलवारवाल्याला ते मानवतं, पण मेजनं हौस म्हणून केलं तर नुसतं ओझं. स्पीच, लॉकपिकिंग, पिकपॉकेट यांचंही तेच. ही कामं करू नका असं अजिबात नाही, कुलपं उघडा की, फक्त त्यात पर्क घालू नका, आणि कामाच्या स्किल मागे पडल्यात का त्यावर डोळा ठेवा.

याच हिशोबाची दुसरी बाजू फारसं कोणी सांगत नाही. लेव्हल २४ वरून २५ ला जायला ६७५ एक्सपी लागतो, आणि एखादी पडून असलेली स्किल २० वरून ४० वर आणली तर ६१० मिळतो. म्हणजे वीस पॉइंटची नवी स्किल उभी करायला साधारण एक लेव्हल जाते. एवढंच! त्यामुळे उशीर झाला, आता काही होणार नाही, म्हणून सेव्ह टाकून देण्याची गरज नसते. खरं नुकसान पर्कचं झालेलं असतं, स्किलचं नाही.

स्कायरिमच्या आधीच्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) मात्र गोष्ट उलटी होती आणि माझ्या मते क्लास सिस्टीम चुकली की काय होतं त्याचा तो सगळ्यात चांगला धडा आहे. तिथे २१ स्किल, त्यातल्या ७ मेजर म्हणजे मुख्य म्हणून निवडायच्या, आणि मेजर मिळून दहा वेळा वाढल्या की लेव्हल. नवीन माणूस काय करणार, जे आवडतं तेच मेजर घेणार, तलवार, ढाल, अ‍ॅथलेटिक्स, अ‍ॅक्रोबॅटिक्स. आणि मग नुसतं पळून आणि उड्या मारून लेव्हल वाढायची. लेव्हल वाढताना अ‍ॅट्रिब्यूटला (ताकद, वेग असे मूळ गुण) किती बोनस मिळणार हे त्या मधल्या काळात त्या अ‍ॅट्रिब्यूटच्या स्किल किती वाढल्या त्यावर, जास्तीत जास्त ५, आणि त्यासाठी दहा वाढ लागायच्या. हे माहीत नसलेल्या माणसाला दर लेव्हलला चिमूटभर बोनस मिळायचा आणि जग मात्र पूर्ण जोरात वाढायचं, रस्त्यावरचा साधा लुटारू काचेचं चिलखत घालून समोर. त्यावर उपाय म्हणून जुने खेळाडू सांगायचे की जे वापरायचं नाही तेच मेजर घ्या. म्हणजे क्लास निवडायचा आणि तो खेळायचा नाही. मी स्वतः तसं खेळलेय, वहीत आकडे मांडून, आणि मला तो प्रकार कधीच आवडला नाही, कारण त्यात आपण कोण आहोत हेच हरवतं. २०२५ च्या रीमास्टरमध्ये हे बदललं, मायनर स्किलसुद्धा लेव्हलमध्ये धरल्या जातात आणि दर लेव्हलला १२ पॉइंट हातात देतात, हव्या त्या तीन अ‍ॅट्रिब्यूटमध्ये टाका. तुम्ही आज सुरू करत असाल तर तिथे मनातला क्लास बिनधास्त घ्या.

आता स्टेल्थ आर्चर, म्हणजे तेच अंधारात वाकून बाण मारणं. लोक म्हणतात सवय, लोक म्हणतात आळस. मला ते पटत नाही. गेमच तुम्हाला तिकडे ढकलतो. वाकून चाललं तर काही खर्च नाही, जवळपास शत्रू असले की स्नीक आपोआप वाढतं, लांबून मारलेल्या पहिल्या बाणाला दुप्पट डॅमेज आणि एक पर्क घेतला की तिप्पट, चुकलं तर थोडं मागे सरकून थांबायचं, शत्रू दोन मिनिटं शोधून परत जागेवर जातो. धोका शून्य आणि फळ लगेच. उलट मेजचं बघा, स्कायरिमच्या डिस्ट्रक्शनमध्ये स्किल वाढली की मंत्राचा खर्च कमी होतो, डॅमेज वाढत नाही. फायरबोल्ट २५ तो २५ च, पर्कनं जास्तीत जास्त दीडपट. तलवार आणि धनुष्य मात्र स्किलनं वाढतात, पर्कनं वाढतात, भट्टीवर वाढतात. मग माणूस कुठे जाणार?

म्हणून मनाचा निग्रह वगैरे करत बसू नका, दोन दिवसांत मोडतो. हत्यार काढून टाका. धनुष्य घरातल्या पेटीत ठेवा किंवा विकून टाका आणि बाण पण विका, बाण राहिले की धनुष्य परत येतंच. ओरडत पुढे धावणारा सोबती घ्या, मग लपून बसण्यात अर्थच उरत नाही. सुरुवातीचे जे तीन गार्डियन स्टोन आहेत, वॉरियर, मेज, थीफ, त्यातला ठरलेल्या मार्गाचा घ्या, त्या गटाच्या स्किल २० टक्के लवकर वाढतात आणि तेवढा फरक सुरुवातीला जाणवतो. आणि लपून मारणं तुम्हाला मनापासून आवडत असेल तर मग लाजायचं कारण नाही पण धनुष्य कशाला, खंजीर घ्या. मागून वार केला तर खंजिराला सगळे पर्क घेऊन १५ पट डॅमेज मिळतं, धनुष्याला तिप्पट. त्यासाठी अगदी श्वास रोखून जवळ जावं लागतं, हातातली मशाल विझलेली आहे का बघावं लागतं, आणि चुकलं तर अंगाशी येतं. मला विचाराल तर खरं स्टेल्थ तेच.

आता फळाचा मुद्दा. प्रत्येक गेममध्ये प्रत्येक मार्गाला एक पायरी असते जिथे पोचल्यावर अचानक सगळं जमायला लागतं, आणि खिळे ढिले झालेली बहुतेक कॅरेक्टर त्या पायरीच्या जेमतेम एक-दोन पावलं आधी सोडून दिलेली असतात. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता नवीन सेव्ह उघडला की आधी तेच शोधते. बाल्डर्स गेट ३ पूर्ण ओपन वर्ल्ड म्हणता येणार नाही पण तिथे ही पायरी सगळ्यात स्वच्छ दिसते. लेव्हल ५. फायटर, पॅलाडिन, बार्बेरियन यांना एका टर्नमध्ये दुसरा वार मिळतो, म्हणजे डॅमेज जवळजवळ दुप्पट, आणि विझार्ड, सॉर्सररला तिसऱ्या पातळीचे मंत्र मिळतात, फायरबॉल तिथेच. आता ज्यानं तीन लेव्हल फायटर आणि दोन लेव्हल विझार्ड केलं तो पण लेव्हल ५ चाच आहे पण त्याला दुसरा वार पण नाही आणि फायरबॉल पण नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. तेच मिश्रण त्यानं पाचव्या लेव्हलनंतर केलं असतं तर उत्तम चाललं असतं. म्हणून मिक्स करू नका हे माझं म्हणणं नाहीच, आधी एक पायरी चढा, मग मिक्स करा.

एल्डन रिंगमध्ये (२०२२) पायरी स्टॅटची (ताकद, बुद्धी अशा गुणांच्या आकड्यांची) कमी आणि शस्त्राची जास्त. तिथे दहा क्लास आहेत, पण क्लास म्हणजे फक्त सुरुवातीचे आकडे आणि सुरुवातीचं सामान. सामुराई घेऊन पुढे मंत्र शिका, कोणी अडवत नाही. व्हेगाबॉंड सुरू होतो लेव्हल ९ ला, रेच सुरू होतो लेव्हल १ ला सगळे स्टॅट १० घेऊन, आणि पुढे दोघं एकाच ठिकाणी पोचू शकतात. त्यामुळे पहिल्या स्क्रीनवर अर्धा तास घालवू नका, जे शस्त्र आवडतं तो क्लास घ्या आणि निघा. पण मग बांधिलकी कशाशी? शस्त्राशी. मधल्या टप्प्यात डॅमेजचा मोठा वाटा शस्त्र किती अपग्रेड केलंय यातून येतो. साधं शस्त्र +२५ पर्यंत जातं, खास शस्त्र +१० पर्यंत, आणि त्याला लागणारे दगड सुरुवातीला मोजके मिळतात. जो माणूस सहा तलवारी +४ वर नेऊन ठेवतो तो प्रत्येक बॉसकडे अर्धवट तलवार घेऊन जातो. एक घ्या, चढवा.

आणि जीव वाचवायची बाजू तिथे व्हिगर, म्हणजे हेल्थ वाढवणारा स्टॅट. याचे आकडे पाठ असलेले चांगले: व्हिगर २५ ला हेल्थ ८००, ४० ला १४५०, ६० ला १९००, आणि ९९ ला फक्त २१००. म्हणजे २५ ते ४० हे पंधरा पॉइंट तुम्हाला ६५० हेल्थ देतात, आणि ६० च्या पुढचे एकोणचाळीस मिळून २००. बॉस एका फटक्यात मारतोय अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न व्हिगर किती हाच विचारते आणि उत्तर बहुतेक वेळा अठरा-वीस असतं, कारण बाकीचे पॉइंट फेथमध्ये थोडे, इंटेलिजन्समध्ये थोडे, एखादं शस्त्र उचलता यावं म्हणून स्ट्रेंग्थमध्ये थोडे. बाय द वे स्ट्रेंग्थसाठी शस्त्र दोन्ही हातांत धरलं की ती दीडपट धरतात, तेव्हा जड शस्त्र पेलत नाही म्हणून लगेच पॉइंट ओतायची घाई नको, आधी दोन हातांत धरून बघा.

मग कुठलं मिक्स चालतं? जिथे एकाच पॉइंटनं दोन कामं होतात ते. मूनव्हेल कटाना घ्या, त्याला स्ट्रेंग्थ १२, डेक्स्टेरिटी १८, इंटेलिजन्स २३ लागतं, आणि त्यापुढे इंटेलिजन्समध्ये टाकलेला प्रत्येक पॉइंट तलवारीला पण लागतो आणि मंत्राला पण. हे मिक्स आहे पण खिसा एकच आहे. स्कायरिममध्ये इल्यूजन आणि स्नीक ही तशीच जोडी, इल्यूजन ५० ला क्वायट कास्टिंग घेतलं की कुठल्याच मंत्राचा आवाज होत नाही, मग मेज आणि मारेकरी हे एकच माणूस होतात. कॉंज्युरेशनचं बाउंड बो (मंत्रानं हातात येणारं धनुष्य) आणि आर्चरी पण छान जमतं. उलटं उदाहरण म्हणजे हेवी आर्मर घालून ऑल्टरेशनचे मेज आर्मर पर्क घेणं, ते पर्क आर्मर अंगावर नसेल तरच चालतात, म्हणजे तीन पर्क पाण्यात. दोन गोष्टी जोडायच्या आधी एवढंच तपासा की एकीला घातलेलं खतपाणी दुसरीला पोचतंय का. पोचत नसेल तर ती दोन वेगळी कॅरेक्टर आहेत आणि त्यांना दोन सेव्हमध्ये राहू द्या.

आणखी एक गोष्ट आहे जी आकड्यांत येत नाही पण माझ्या मते कंटाळ्याचं खरं मूळ तिथे आहे. तुम्ही कोण आहात याची जगाला दखल आहे का? मॉरोविंडमध्ये टेलव्हानी नावाचं जादूगारांचं घराणं होतं, ते प्रचंड अळंब्यांसारख्या वाढवलेल्या बुरुजांत राहायचे, आणि त्या बुरुजांच्या वरच्या मजल्यावर जायला जिने नव्हतेच. उडून जायचं. ज्याला लेव्हिटेशनचा मंत्र येत नाही त्यानं औषधाच्या बाटल्या बरोबर घेऊन जायच्या. मी पहिल्यांदा तिथे भालेवाली म्हणून गेले होते, खाली उभी राहून वर बघतेय, वर मालकाचा दरवाजा दिसतोय आणि जायची सोय नाही. त्या एका जागेनं मला सांगितलं की हे घर तुझं नाही. पुढे जादूगार घेऊन गेले आणि सरळ वर तरंगत गेले तेव्हा जो आनंद झाला तो कुठल्या डॅमेजच्या आकड्यानं होत नाही. शिवाय तीन मोठ्या घराण्यांपैकी एकाच घराण्यात जाता यायचं, आणि गिल्डमध्ये वरचा हुद्दा हवा तर त्या गिल्डच्या स्किल तेवढ्या असाव्या लागायच्या.

गॉथिक (२००१) त्याहून कडक. तिथे पॉइंट मिळाले तरी शिकवणारा माणूस शोधून त्याच्याकडून शिकावं लागायचं, आणि शिकलेलं दिसायचं. सुरुवातीला तुमचा माणूस एका हाताची तलवार दोन्ही हातांत धरून कशीतरी फिरवतो, शिकल्यावर पकडच बदलते, पाय बदलतात. पडद्यावर एकही आकडा न बघता कळतं की आपण काहीतरी झालो. स्कायरिममध्ये हे कमी आहे, तिथे मोजून दोन-चार मंत्र मारून जादूच्या कॉलेजचं प्रमुख होता येतं, आणि मग मेज असण्याचं काय कौतुक राहणार. म्हणून अशा गेममध्ये ती मर्यादा आपणच घालायची. मी तलवारवाली खेळते तेव्हा कॉलेजच्या पुलावर जातच नाही. एवढ्या मोठ्या जगातला एक भाग बंद ठेवला तर काही कमी पडत नाही, उलट पुढच्या कॅरेक्टरसाठी काहीतरी ताजं शिल्लक राहतं.

बदलायचं कधी, हे राहिलं. आधी बघा की गेम बदलाला किती पैसे लावतोय. बाल्डर्स गेट ३ मध्ये विदर्स नावाच्या पात्राला १०० सोन्याची नाणी दिली की क्लाससकट सगळं नव्यानं, तिथे घाबरायचं काहीच नाही, हवं तितकं करून बघा. ड्रॅगन्स डॉग्मा २ (२०२४) मध्ये तर व्होकेशन (तिथला क्लास) बदलत राहणं हाच खेळ आहे, एका व्होकेशनमध्ये कमावलेले ऑगमेंट म्हणजे जादा गुण दुसऱ्यात पण चालतात, तेव्हा तिथे सुरुवातीपासून एकच धरून बसणाराच तोट्यात. एल्डन रिंगमध्ये रेनाला या बॉसला हरवल्यावर तिला लार्व्हल टिअर नावाची वस्तू देऊन स्टॅट परत वाटता येतात, पण टिअर मोजक्याच आहेत, म्हणून आधी त्या शस्त्राचं काम बघा, मग टिअर वापरा. स्कायरिममध्ये मूळ गेममध्ये सोय जवळजवळ नाही, १०० ला गेलेली स्किल लेजेंडरी केली तर ती १५ वर येते आणि तिचे पर्क परत मिळतात, आणि ड्रॅगनबॉर्न डीएलसी (वेगळा मिळणारा जादा भाग) संपवल्यावर एका झाडाचे पर्क एका ड्रॅगन सोलच्या बदल्यात मोकळे करता येतात, पण ती फार पुढची गोष्ट.

माझा स्वतःचा नियम असा की कंटाळा आला म्हणून बदलायचं नाही, पायरी चढून झाल्यावरही आवडलं नाही तर बदलायचं. आणि बदलायच्या आधी स्वतःला विचारायचं की पहिला वार आवडत नाहीये की बचाव जमत नाहीये. दहातल्या आठ वेळा वार आवडत असतो, बचावच नसतो, आणि लोक दोष वाराला देऊन अख्खं कॅरेक्टर फेकतात.

त्या मुलाच्या सेव्हचं तेच होतं. त्याला विचारलं, या सगळ्यात तुला मजा कशात येते, तर म्हणाला आग. त्याचं डिस्ट्रक्शन होतं ३८. दोन्ही हातांनी एकच मंत्र एकत्र मारायचा पर्क २० लाच मिळतो, तो यानं घेतलाच नव्हता, आणि त्याच्या पुढचा इम्पॅक्ट, ज्यानं तसा मारलेला मंत्र लागला की समोरचा मागे कोलमडतो, तो मिळतो ४० ला. दोन पॉइंट कमी! मग आम्ही नवीन गेम वगैरे काही केला नाही. धनुष्य आणि बाण विकले, अंगावरचे दोन जातीचे आर्मरचे तुकडे काढून डिस्ट्रक्शनचा खर्च कमी करणारा झगा चढवला, थडग्यातून बाहेर पडून लुटारूंच्या दोन छावण्या फक्त आगीनं साफ केल्या, पुढच्या दोन्ही लेव्हलला मॅजिका वाढवली आणि दोन्ही पर्क तिथेच टाकले. दुहेरी मंत्राला एकेरीच्या २.८ पट मॅजिका लागते त्यामुळे चार-पाच वारांत टाकी रिकामी होते, म्हणून मॅजिकाच्या बाटल्या हाताशी लावून ठेवल्या. पहिला वार आग, बचाव पण आगच, कारण कोलमडलेला शत्रू वार करत नाही.

मग परत ती खोली. झाकण उडालं, ड्राउगर उठला, दोन्ही हातांतला गोळा छातीवर बसला आणि तो मागे झुकला. ओरडायला सरळ झाला की दुसरा गोळा. पाचव्या गोळ्याला मॅजिका संपली तेव्हा या मुलाचा हात सवयीनं शस्त्रांच्या यादीकडे गेला, मी म्हटलं बाटली, त्यानं बाटली प्यायली आणि परत गोळा मारला. ड्राउगरला एकदाही शाउट पूर्ण करता आला नाही.